मनगटावरची मोजणी

घड्याळ बहिणीनं आणलं. भाऊबीजेला ओवाळणी मी घालायची, तर तिनंच ताटातलं निरांजन बाजूला सारून माझा हात ओढला आणि मनगटावर ते काळं, रबरी पट्ट्याचं घड्याळ बांधलं.

बहीण माझ्यापेक्षा बरीच लहान. पुण्याला नोकरी करते आणि तिला पळण्याचा नाद आहे. आमचे वडील दुकानाच्या गादीवर बसल्या बसल्या गेले. गिऱ्हाइकाला पुडा बांधून देत होते, सुतळी हातात तशीच राहिली आणि ते बाजूला कलले. त्या वेळी त्यांचं जे वय होतं ते मला लागलं, तशी बहिणीच्या मनात धास्ती बसली. "दादा, दिवसभर बसून असतोस, पोट बघ तुझं," हे तिचं फोनवरचं रोजचं पालुपद. शेवटी बीडला जाऊन तपासून घेतलं. हृदय ठीक आहे, साखर काठावर आहे, वजन उतरवा, असं डॉक्टर म्हणाले. त्याच दिवाळीला हे घड्याळ आलं.

ते उलटं केलं की पाठीला हिरवा उजेड लुकलुकायचा. "हा उजेड कातडीतून आत जातो आणि ठोके मोजतो," बहिणीनं समजावलं. "आणि वर उपग्रह असतात ना, त्यांना विचारून तू कुठं कुठं पळालास त्याची रेघ काढतो. ती रेघ मला पुण्यात दिसेल."

बायको कडबोळ्यांचा डबा घेऊन उभी होती. ती म्हणाली, "म्हणजे आतूनबी बघणार आणि वरूनबी बघणार. घरात आता झाकायचं काय राहिलं?"

आम्ही हसलो. पण तिचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

बहिणीची शिकवण अशी की पळायचं, पण हळू. ठोके एका मर्यादेच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. गेले की घड्याळ मनगटावर थरथरून पिपाणी वाजवणार, मग चालायचं. "पळता पळता गप्पा मारता आल्या पाहिजेत, इतकं हळू," ती म्हणाली. मी विचारलं, "उमापुरात सकाळच्या पारी माझ्याशी पळत गप्पा कोण मारणार?"  ठोके अचूक कळावेत म्हणून छातीला बांधायचा पट्टाही मिळतो, असं तिनं सुचवलं. मी नको म्हणालो. आम्ही लिंगायत. माझ्या छातीवर चांदीच्या डबीतलं लिंग असतं. तिथं दुसरं काही बांधायला मन घेईना.

पहिले काही दिवस ते घड्याळ नुसतं ओरडत होतं. जरा पाय उचलला की पिपाणी. मग एक दिवस आक्रीत झालं. मी गोगलगाईसारखा चाललो होतो, दम लागला नव्हता, आणि घड्याळावर आकडा मात्र असा चढला की मी जागच्या जागी थांबलो. डोळ्यांसमोर वडिलांच्या हातातली सुतळी आली. पुलाच्या कठड्यावर बसलो, गळ्याच्या शिरेवर दोन बोटं ठेवली आणि स्वतः ठोके मोजले. घड्याळ सांगत होतं त्याच्या कितीतरी कमी होते.

घाबऱ्या घाबऱ्या बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, "पट्टा ढिला असेल दादा. ढिला असला की कधी कधी ते ठोक्यांऐवजी पावलंच मोजत बसतं. हाडाच्या जरा वर सरकवून घट्ट बांध."

घट्ट बांधलं, आकडा सुधारला. पण ज्याला काळीज आणि टाच यातला फरक कळत नाही, त्याच्यावर विश्वास किती ठेवायचा? तेव्हापासून ते काहीही म्हणालं की मी दोन बोटं गळ्याला लावून खात्री करायला लागलो.

पळायला जागा मी गायरानाची धरली. हंगाम सुरू झाला की मोठ्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर दोन दोन ट्रॉल्या ओढत धावतात, त्यांच्यासमोर पोट घेऊन पळण्यात शहाणपण नव्हतं. आमचं गायरान चकलांब्याच्या अंगाला आहे. सगळा खडकाळ माळ, कुसळी गवत, तरवडाची झुडपं, एका कोपऱ्याला पाझर तलाव. गायरानाच्या कडेनं जुनी गाडवाट जाते. वाटेच्या पलीकडं लोकांची शेतं, तूर, कापूस, हरभरा. बहिणीनं थोड्या दिवसांनी नवा धडा दिला: एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जोरात पळायचं, तिथं थांबून घड्याळाचं बटण दाबायचं, थोडं चालायचं, मग पुढचा कोपरा. मी इमानेइतबारे तसं करू लागलो. गायरानाच्या एकेका कोपऱ्यावर उभा राहून, मनगट वर करून, बटण दाबू लागलो.

हे लांबून बघणाऱ्याला कसं दिसत असेल, याचा मी विचारच केला नाही.

बघणारा तिथं होता. तळ्याच्या बाजूला एका धनगर म्हाताऱ्याची मेंढरं बसायची. त्याला सारं गाव तात्या म्हणे. माझ्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. मेंढरांसाठी खडे मीठ, घरासाठी चहा-गूळ माझ्याकडूनच न्यायचा. त्याची कुत्री मात्र मला ओळख द्यायला तयार नव्हती. रोज तळ्याच्या वळणावर ती भुंकत अंगावर यायची. पूर्वी तात्यानं लगेच हाक मारून त्यांना आवरलं असतं. आता तो हाक मारायला उशीर करतो आहे, हे माझ्या ध्यानात आलं. आणि त्याची नजर माझ्या तोंडावर नसायची, मनगटावर असायची.

एका संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "दादा, रोज एकाच जागी तुझे ठोके एकदम वर जातात. तिथं चढ आहे का?"

"चढ न्हाई. कुत्री हायत."

ती हसली. मला हसू आलं नाही. मी कुठं घाबरतो ते पुण्यात बसून दिसतं, ही गोष्ट मला अजिबात रुचली नाही.

मग दुकानात फरक जाणवायला लागला. मी आत आलो की पायरीवर बसलेल्या माणसांचं बोलणं तुटायचं. कुणी नुसतंच विचारायचं, "अप्पा, घड्याळ लई भारी दिसतंय. कुणी दिलं?" बहिणीनं दिलं म्हटलं की "आस्सं" म्हणून एकमेकांकडं बघायचे. एकदा सकाळी गाडवाटेवर कुणीतरी बाभळीच्या काट्यांच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या. वाऱ्यानं आल्या असतील म्हणून मी तरवडातून आडवाट काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा होत्या. वारा रोज एकाच जागी फांद्या आणून टाकत नाही.

उलगडा एका म्हातारीनं केला. तेल घ्यायला आली होती. दुकानात दुसरं कुणी नाही असं बघून तिनं हळूच विचारलं, "अप्पा, खरं सांगा. आमचा तुकडाबी गेलाय का त्यात?"

"कशात, आजी?"

"सोलरमदी. तुमी मोजायलात न्हवं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दिवाळीच्या आधी एका पांढऱ्या जीपमधून दोन माणसं आली होती. गायरानावर तिपाई लावून काहीतरी बघितलं, हॉटेलात चहा घेतला आणि कुणाला काही न सांगता निघून गेली. गायरानावर सोलर येणार, मग कडेची शेतंही जाणार, अशी आवई तेव्हापासून उठली होती. कंपनीला गावातलं कोण सामील आहे, हे ज्याला त्याला जाणून घ्यायचं होतं. आणि नेमका त्याच दिवाळीपासून मी, गावातला वाणी, ज्याला आयुष्यात कुणी चार पावलं पळताना बघितलं नव्हतं, तो उपग्रहाला जोडलेलं घड्याळ बांधून गायरानाचे कोपरे धरत हिंडत होतो. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच म्हटलं असतं.

हे आता उघड्यावरच निस्तरावं असं मी ठरवलं. सोमवारी महादेवाच्या आरतीनंतर पारावर माणसं बसतात. तिथं गेलो. तात्या होता, आणि मेंबर होता. हा पूर्वी ग्रामपंचायतीत निवडून आलेला, पद गेलं तरी नाव राहिलेलं. गायरानाला लागून त्याचा हरभरा होता.

मीच विषय काढला. "माझ्याबद्दल कायबाय बोललं जातंय. मी काही मोजत न्हाई. तब्येतीसाठी पळतोय. काय असतं त्यात ते तुमीच बघा."

मी फोन उघडून मेंबरच्या हातात दिला. सगळे त्याच्या खांद्यावरून वाकले. पडद्यावर आभाळातून काढलेला आमच्या गायरानाचा फोटो होता. तळं, वाट, झाडांचे ठिपके, आणि त्या सगळ्याला वेढून एक लालभडक रेघ. कोपऱ्याकोपऱ्यावर एकेक खूण.

मेंबरनं पडद्यावरून मान वर केली.

"आन् म्हनं मोजत न्हाई," मेंबर म्हणाला. "चारी कोपरे धरलेत की, अप्पा."

"ते कोपरे न्हाईत. मी तिथं दम घेतो."

"दम घ्यायला कोपराच लागतो का?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. तात्यानं पडद्यावर बोट टेकवलं, तसा तो फोटो एकाएकी मोठा झाला. त्यानं चटका बसल्यागत बोट मागं घेतलं. तळ्याकाठची काळपट, तुडवलेली जागा स्पष्ट दिसत होती.

"हितं माझी मेंढरं बसत्यात," तो म्हणाला. "मलाबी धरलंय ह्याच्यात."

"तात्या, तो फोटो मी न्हाई काढला, तो आधीच..."

आणि नेमकं तेव्हाच माझं मनगट थरथरलं. पिपाणी वाजली. मी जागच्या जागी उभा होतो, पण ठोके मर्यादेच्या वर गेले होते आणि घड्याळानं इमानानं तसं कळवलं. पारावरची सगळी माणसं माझ्या हाताकडं बघायला लागली.

"आता कुणाला सांगतंय ते?" मेंबरनं विचारलं.

मी जे उत्तर दिलं ते कुणी ऐकलं नाही. ऐकलं असतं तरी पटलं नसतं.

घरी आलो तो बहिणीचा फोन. "दादा, आत्ता तू उभा होतास तरी ठोके इतके कसे चढले? काही लपवतोयस का माझ्यापासून?" मी तिच्यावर खेकसलो. आयुष्यात पहिल्यांदा. बायकोनं माझ्या हातातून फोन घेऊन बंद केला आणि म्हणाली, "आधी ते काढा हातातनं."

काढलं. देव्हाऱ्याच्या खालच्या फडताळात ठेवलं आणि मोकळ्या हातानं पळायला लागलो. तर लोक म्हणाले, आता खिशात ठेवत असेल. खिसे नसलेली चड्डी घालून गेलो, तर म्हणाले, काम झालं असेल, आता कशाला लागतंय. गिऱ्हाइकं कमी होऊ लागली. वर्षानुवर्षं माझ्याकडून डाळ-तांदूळ नेणारी माणसं पिशवी घेऊन माझ्यासमोरून दुसऱ्या दुकानाकडं जायची. मीही आता प्रत्येकाकडं संशयानं बघायला लागलो होतो. काटे कुणी टाकले? आवई पहिल्यांदा कुणी उठवली? समोरच्या दुकानदारानं तर नाही? रामराम घालणाऱ्याचाही मला संशय यायचा, हा कशाला रामराम घालतोय म्हणून.

अशात एके दिवशी सकाळी, मी नुकतंच दुकान उघडलं होतं, तात्या आला. घोंगडी खांद्यावर, काठी बगलेत.

"अप्पा, ते घड्याळ हाय का?"

"हाय. कावून?"

"माझ्या हाताला बांधा."

मला वाटलं चेष्टा करतोय. तो गंभीर होता. "आज दिसभर घालतो. काय काय सांगतंय ते माझं मला बघू द्या. दुसऱ्याच्या सांगण्यावर म्या किती दिस चालायचं?"

मी घड्याळ आणलं. त्याचं मनगट असं वाळलेलं की पट्टा शेवटच्या भोकात घातला तेव्हा कुठं घट्ट बसला. मी सुरुवातीचं बटण दाबून दिलं. तो हात जरासा पुढं धरून, जणू मनगटावर पाखरू बसलंय अशा बेतानं, निघून गेला.

मेंढरं वाघरीत, जाळ्याच्या कोंडवाड्यात, घालून दिवेलागणीच्या सुमारास तो परत आला. दुकानाच्या मागच्या खोलीत पोत्यांवर बसून आम्ही दोघांनी फोन उघडला. ठोक्यांचा आलेख मी दोनदा बघितला. माळावर दिवसभर चाललेला हा माणूस, आणि त्याचे ठोके मी गादीवर बसून असतो त्याहून संथ. एका जागी मात्र एकदम उसळी होती.

"हितं काय झालं, तात्या? लांडगा आला का?"

तो खाली बघायला लागला. मी नकाशा उघडला. तात्याची रेघ माझ्यासारखी सरळ नव्हती. मेंढरं जातील तशी वेडीवाकडी, माळभर लोळलेली. आणि उसळीच्या जागी ती गायरान सोडून, बांध ओलांडून मेंबरच्या हरभऱ्यात शिरली होती आणि चांगली फिरून बाहेर आली होती.

"चार-दोन तोंडं आत गेली," तात्या हळू आवाजात म्हणाला. "त्यास्नी वळवायला गेलतो."

"मला पटतंय. पण वळवायला गेला की चारायला गेला, हे घड्याळ सांगत न्हाई."

तेवढ्यात बायकोनं पुढून आवाज दिला, "अहो, मेंबर आलेत." पाठोपाठ मेंबरचा आवाज, "तात्यानं घड्याळ घातलंय म्हणं आज. बघू द्या की आमालाबी."

हरभरा कुणीतरी खाल्लाय ही त्याची तक्रार मी आठवडाभर ऐकत होतो. तात्याच्या चेहऱ्याकडं बघितलं. माळावर लांडग्याला काठी घेऊन सामोरा जाणारा माणूस, पण आता तो पोत्यांमागं सरकला होता. मी पुसण्याची खूण दाबली. फोननं विचारलं, नक्की का? मी होय म्हटलं. रेघ गेली.

मेंबर आत आला. "दाखवा."

"पुसलं."

"कावून पुसलं?"

"माझं घड्याळ हाय. पुसलं."

त्यानं आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "म्हंजी तुमी दोघं मिळून हायत," असं म्हणून तो गेला. मला खोटं बोलावं लागलं नव्हतं, पण खरं सांगायचीही सोय राहिली नव्हती.

तात्यानं घड्याळ सोडून माझ्या हातात दिलं. मग म्हणाला, "खरंच गेलं का ते?"

"माझ्या फोनातनं गेलं."

"आन् वरनं?"

माझी नजर आपोआप पत्र्याकडं गेली. "ते मला माहीत न्हाई, तात्या."

दुसऱ्या दिवशी गाडवाटेवरच्या काट्या बाजूला ओढलेल्या होत्या. कुणी ओढल्या, मी विचारलं नाही.

संक्रांत होऊन थोडे दिवस झाले आणि गायरानावर खुंट्या आल्या. लाल फडक्याच्या, चुन्याच्या रेघांसकट. गाव माझ्याकडं बघायला लागलं, पण यावेळी कुणी काही बोललं नाही. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

जीपमधला एक तरुण इंजिनिअर माझ्याच दुकानात पाण्याची बाटली घ्यायला आला. सुट्टे पैसे काढताना त्यानं हातातली पाटीएवढी स्क्रीन काउंटरवर ठेवली. त्यावर आमचं गायरान होतं. तळं, शेतं, आणि कडेनं गेलेली गाडवाट बारीक ठिपक्यांनी काढलेली. मी वाकून बघितलं. काट्यांमुळं तरवडातून जी आडवाट मी काढली होती, तसं एक वळण त्या ठिपक्यांतही होतं. निदान मला तसं वाटलं.

"हा नकाशा कुठून आणला, साहेब?"

"ऑफिसातून येतो, काका," तो म्हणाला आणि स्क्रीन उचलली.

त्यानं ती उचलायची घाई केली की त्याला खरंच घाई होती, हे मला आजही सांगता येत नाही.

मी बहिणीला फोन केला. माझी ती रेघ कुणाकुणाला दिसते, असं सरळ विचारलं.  मग ती म्हणाली, "दादा, अरे... सुरुवात करून देताना ते बदलायचं राहिलं बघ माझ्याकडून. ते सगळ्यांना दिसेल असंच होतं."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?"

"ज्याला बघायचं त्याला." लगेच तिनं घाईघाईनं सांगायला सुरुवात केली की कंपन्या असल्या रेघा बघून जागा ठरवत नाहीत, त्यांच्याकडं स्वतःचे फोटो असतात, तू मनाला लावून घेऊ नकोस. ती म्हणते तेच खरं असेल. बहुधा असेलच. तिनं तिथल्या तिथं ते बंद केलं. पण आडवाटेचं ते वळण माझ्या डोळ्यांपुढून हलेना. माझ्याआधी तिथून गुरं गेली असतील, सायकली गेल्या असतील. की मीच एकटा गेलो होतो?

बायको म्हणाली, "कुणाला सांगू नका. आधीच काय कमी झालंय का?" रात्रभर मलाही तेच वाटत होतं. सकाळी मात्र मी तळ्यावर गेलो आणि तात्याला सगळं सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून त्याच्या कानावर गेलं असतं, तर त्याला तोंड दाखवायला मला जागा राहिली नसती.

त्यानं ऐकून घेतलं. बाजूला थुंकला. "आता सांगताय," एवढंच म्हणाला आणि मेंढरांमागं निघून गेला. त्यानंतर तो मीठ चकलांब्याहून आणायला लागला.

मग ग्रामसभा झाली. आलेल्या अधिकाऱ्यांनी कागद वाचला. त्यात आमचं गायरान विनावापर पडीक म्हणून लिहिलेलं होतं. तात्या उठून उभा राहिला. "साहेब, माझ्या आज्यापासनं आमी हितं मेंढरं चारतो. पडीक कसं?"

"पुरावा काय?" साहेबांनी विचारलं. रागानं नाही, सहज.

 तात्यानं मान वळवली आणि सभेतून माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत काय आहे, ते मला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. मीठ घ्यायला नव्हे. "अप्पा, ती माझी त्या दिसाची रेघ. हाय का अजून?"

"पुसली की. तुमच्यासमोरच पुसली."

"मग परत बांधा."

त्यानं घड्याळ बरेच दिवस घातलं. मग दुसऱ्या कळपाच्या धनगरानं, मग शेरडं चारणाऱ्या बायांनी, पाळीपाळीनं. मी रोज संध्याकाळी ते उतरवून घ्यायचो, चार्जिंगला लावायचो, सकाळी ज्याची पाळी त्याच्या हाताला बांधायचो. पट्ट्याला मेंढरांचा वास बसला. बहीण एकदा फोनवर म्हणाली, "दादा, तुझी तब्येत फारच सुधारली की. दिवसभर चालतोस आणि ठोके किती संथ!" मी म्हणालो, "तो मी न्हाई."

त्या दिवसांत मेंबरच्या हरभऱ्याच्या बांधाकडं एकही मेंढरू फिरकलं नाही. गेवराईला जाऊन मी सगळ्या रेघांच्या रंगीत प्रती काढून आणल्या. एकावर एक ठेवून उजेडात धरल्या तर गायरानाचा वीतभरही तुकडा कोरा दिसत नव्हता. त्या हरकतीच्या अर्जाला जोडल्या, त्याखाली सह्या आणि अंगठे झाले. मेंबरनंही सही केली. करताना मला विचारलं, "ह्यात दुसरं काय लपवलेलं न्हाई न्हवं?"

उन्हाळ्यात खुंट्या हलल्या. तळ्याची बाजू आणि गाडवाट सोडून मागं गेल्या. बाकीच्या माळाला तारेचं कुंपण पडलं. पूर्ण हरलोही नाही, जिंकलो असंही म्हणवत नाही. मेंबर सांगतो की त्यानं वर फोन केला म्हणून हे झालं. इंजिनिअर म्हणाला की तळ्याकडं खडक फार लागला. तात्याला वाटतं, रेघांनी झालं. मला यातल्या एकाचंही पुरतं खरं वाटत नाही. माझीच पहिली रेघ खुंट्या घेऊन आली आणि बाकीच्यांच्या रेघांनी त्या मागं ढकलल्या, असंही असेल. किंवा यातलं काहीच कुणी वर उघडून बघितलं नसेल.

गिऱ्हाइकं हळूहळू परत आली. वजन थोडं उतरलं आहे, साखर आटोक्यात आहे, असं डॉक्टर म्हणतात. घड्याळ मी अजून घालतो. मात्र ती रेघ फक्त मलाच दिसेल, असं आता केलेलं आहे. बहिणीलाही नाही. तिला थोडं वाईट वाटलं. ठोके तेवढे मी तिला तोंडी सांगतो, आणि तेही खरे सांगतो की नाही, असा संशय तिला येतोच.

चराई कमी झाली म्हणून तात्यानं थोडी मेंढरं विकली. राहिलेली घेऊन तो कुंपणाच्या अलीकडच्या पट्ट्यात असतो. कुंपणाच्या खांबांवर कॅमेरे बसले आहेत. परवा पळून झाल्यावर मी त्याच्याजवळ दगडावर टेकलो होतो. तो कॅमेऱ्याकडं पाठ करून बसला होता.

"अप्पा, त्यातनं कोण बघत बसतं वो?"

"असंल कुणीतरी, लांब कुठं तरी."

तात्यानं मागं न बघता काठीनं खांबाकडं खूण केली. "त्याला म्हणावं बघतूस तर बघ. पण लांडगा आला तर हाक तरी मार."

एक कोकरू कुंपणाच्या तारेत मान घालायला लागलं, तसा तो उठला.